सरांच्या नंतर कोण?

एखादा माणूस वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षं एकाच खुर्चीत बसतो आणि एक दिवस उठतो. मग त्या खुर्चीत बसायचं कुणी? अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलने या प्रश्नाची उत्तरं भर मैदानात, लाखो लोकांच्या साक्षीने दिली आहेत. काही बरोबर, काही साफ चुकलेली!

"मॅम, सर जातायत म्हणे?"

मंगळवारची दुपार, कँटीनची रांग, हातात ट्रे. टीममधल्या सगळ्यात ज्युनियर पोराने हे विचारलं आणि मी चक्क खोटं बोलले. "कोण म्हणालं? काहीतरीच तुझं!" खरं तर मला चार दिवस आधीच कळलं होतं. सर डिसेंबरात रिटायर होणार. एकोणीस वर्षं एकच अकाउंट, एकच क्लायंट, आणि साठ जणांची टीम त्यांनी शून्यातून उभी केलेली. एचआरच्या बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि विचारलं, "तू घेशील का? सोमवारपर्यंत सांग."

खरं सांगू? पहिली पाच मिनिटं नुसता आनंद. वय वर्षं चौतीस, आईला फोन लावायला हात शिवशिवत होते. सहाव्या मिनिटाला पोटात गोळा. कारण 'सरांच्या नंतर कोण' याचं उत्तर आमच्या फ्लोअरवर सगळ्यांना पाठ होतं, आणि ते उत्तर मी नव्हते. ते होते दादा. सांगलीचे, सरांबरोबर सतरा वर्षं काढलेले, प्रोजेक्टमधला प्रत्येक खाचखळगा ठाऊक असलेले. मी नवीन लागले तेव्हा मला पहिला बग सोडवायला बसवणारेही तेच. आता त्यांच्या डोक्यावरून मी उडी मारायची?

रात्री झोप येईना. वाकडच्या फ्लॅटच्या गॅलरीत उभी होते. समोर हिंजवडीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग रात्री साडेअकरालाही हलत नव्हती. आणि मला एकदम आठवला २०२२ चा गुढीपाडवा.

गुढी, श्रीखंड आणि दोन निळे

तेव्हा मी ऑनसाइट होते. अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसविलमध्ये. रॅले, डरहॅम आणि चॅपल हिल या तीन गावांच्या मधोमध रिसर्च ट्रँगल पार्क आहे. १९५९ मध्ये सुरू झालेला हा परिसर म्हणजे तिकडची हिंजवडीच म्हणा, फक्त झाडं जास्त आणि हॉर्न कमी! आपली मंडळी तिकडे भरपूर. केरीच्या बालाजी मंदिरात रविवारी गेलात तर दोन-चार मराठी कुटुंबं हमखास भेटतात.

त्या वर्षी पाडवा शनिवारी आला होता, २ एप्रिलला. सकाळी गॅलरीत गुढी उभारली. काठी म्हणून पडद्याचा रॉड, त्यावर खण, वर तांब्याऐवजी स्टीलचा पेला. दुपारी श्रीखंड-पुरी. संध्याकाळी आमच्या अपार्टमेंटमधली वीस-बावीस माणसं एका हॉलमध्ये जमली, आणि बघता बघता त्यांचे दोन पक्ष झाले. अर्ध्या लोकांच्या अंगात गडद निळे टी-शर्ट, अर्ध्यांच्या फिकट निळे. गडद म्हणजे ड्यूक युनिव्हर्सिटी, फिकट म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना. दोन्ही कॅम्पसमधलं अंतर स्वारगेट ते हिंजवडीपेक्षाही कमी. आणि वैर? भारत-पाकिस्तान मॅच बघितलीय ना, तसंच समजा.

त्या रात्री न्यू ऑर्लिन्समध्ये राष्ट्रीय स्पर्धेची सेमीफायनल होती. इतक्या वर्षांच्या वैरात या दोन टीम राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदाच समोरासमोर आल्या होत्या. वर त्यात आणखी एक भानगड. ड्यूकचे कोच माइक शशेफ्स्की हे आडनाव भल्याभल्यांना उच्चारता येत नाही, म्हणून अख्खा देश त्यांना 'कोच के' म्हणतो. ते या सीझननंतर निवृत्त होणार होते. बेचाळीस सीझन, पाच राष्ट्रीय विजेतेपदं. हरले तर हीच त्यांची शेवटची मॅच.

ते हरले. ८१-७७.

मला तेव्हा बास्केटबॉलमधलं फारसं काही कळत नव्हतं. पण स्क्रीनवरचं एक चित्र डोक्यात राहिलं. एका बाकावर जाणारा माणूस, कोच के. त्याच बाकावर, त्यांच्या शेजारी, पुढच्या वर्षी त्यांची जागा घेणारा जॉन शायर. आणि समोरच्या बाकावर नॉर्थ कॅरोलायनाचा ह्यूबर्ट डेव्हिस, जो वर्षभरापूर्वीच रॉय विल्यम्स नावाच्या अशाच एका दिग्गजाच्या जागी आला होता. जाणारा, येणारा आणि नुकताच आलेला, तिघंही एकाच मैदानावर!

त्यानंतर मला या विषयाचं वेडच लागलं. वीकेंडला लोक आउटलेट मॉलला जायचे, मी जुन्या कोचेसच्या गोष्टी शोधत बसायचे.

खेळाडू जातात, कोच राहतो

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. कॉलेजच्या टीममध्ये खेळाडू फार तर चार-पाच वर्षं टिकतो. फारच चांगला असेल तर एका वर्षात एनबीएत पळतो. म्हणजे दर वर्षी टीम नवी. मग जुनं काय राहतं? कोच. म्हणून तिकडे कॉलेज बास्केटबॉलमध्ये स्टार असतो तो कोच. ड्यूकच्या मैदानाला कोच के यांचं नाव आहे, यूसीएलएच्या मैदानाला जॉन वूडन आणि त्यांच्या पत्नीचं. नॉर्थ कॅरोलायनाच्या अख्ख्या स्टेडियमलाच डीन स्मिथ यांचं नाव, तेही १९८६ पासून, म्हणजे ते स्वतः तिथे कोच असतानाच!

कोच निवडायचं काम कागदोपत्री युनिव्हर्सिटीच्या क्रीडाप्रमुखाचं. पण त्याच्या हातात वेळ फार थोडा असतो. सतरा-अठरा वर्षांची जी पोरं पुढच्या वर्षासाठी येणार असतात, ती कोचकडे बघून येत असतात. कोच गेला की त्यांची चलबिचल सुरू होते. त्यात २०२१ मध्ये खेळाडूंना एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली. म्हणजे खुर्ची आठवडाभर रिकामी राहिली तर टीमच दुसरीकडे निघून जायची! म्हणून रॉय विल्यम्स १ एप्रिल २०२१ ला निवृत्त झाले आणि ५ एप्रिलला डेव्हिसचं नाव जाहीरही झालं. चार दिवस! आपल्याकडे चार दिवसांत बदललेल्या खुर्चीची रिक्विझिशनसुद्धा अ‍ॅप्रूव्ह होत नाही.

देवाच्या नंतरचा माणूस

पहिली गोष्ट लॉस एंजेलिसची. यूसीएलएचे जॉन वूडन म्हणजे या खेळातले देवच. १९४८ ते १९७५, सत्तावीस सीझन. शेवटच्या बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं, त्यातली सात ओळीने. मध्ये सलग ८८ मॅचेस हरलेच नाहीत. १९७५ च्या सेमीफायनलनंतर त्यांनी पोरांना सांगितलं, आता बस. दोन दिवसांनी फायनल जिंकली आणि निघाले.

त्यांच्या जागी आला जीन बार्टो. चांगला, सज्जन, अनुभवी कोच. दोन सीझनमध्ये ५२ मॅचेस जिंकला आणि फक्त ९ हरला. पहिल्याच वर्षी देशातल्या शेवटच्या चार टीम्समध्ये पोचला. आपल्याकडे अशा माणसाची मिरवणूक काढली असती. तिथे रेडिओवरून टीका, चाहत्यांची नाराजी, प्रत्येक पराभवानंतर एकच सूर : वूडन असते तर! दोन वर्षांत बार्टो वैतागून बर्मिंगहॅमला निघून गेला, जिथे बास्केटबॉलची टीमच नव्हती. ती त्याने शून्यातून उभी केली. विचार करा. देशातली सगळ्यात मोठी नोकरी सोडून माणूस अशा ठिकाणी गेला, जिथे 'आधीचे साहेब' हा प्रकारच नव्हता!

त्याच्या नंतर आलेला गॅरी कनिंगहॅम हा वूडन यांचा जुना खेळाडू आणि असिस्टंट. दोन वर्षांत ५० जिंकला, ८ हरला आणि आपण होऊन थांबला. मग लॅरी ब्राउन, तोही दोनच वर्षं. यूसीएलएला पुढचं विजेतेपद मिळालं १९९५ मध्ये, वूडन यांच्यानंतरच्या सहाव्या कोचच्या हातून. मधली वीस वर्षं वूडन बऱ्याच मॅचेसना येऊन बसायचे, आपल्याच टीमच्या बाकामागे. बिचारे काही बोलायचे नाहीत, ढवळाढवळ तर नाहीच. पण पाठीमागे देव बसलेला असताना आरती म्हणायची म्हणजे आवाज कापणारच ना!

एकाच खुर्चीत तीन माणसं

दुसरी गोष्ट आमच्या शेजारच्या चॅपल हिलची. डीन स्मिथ तिथे छत्तीस सीझन कोच होते. ८७९ विजय, दोन विजेतेपदं. ९ ऑक्टोबर १९९७ ला, सीझनची प्रॅक्टिस तोंडावर आलेली असताना, ते अचानक म्हणाले, मी थांबतो. आता एवढ्या ऐनवेळी बाहेरचा माणूस शोधणार कुठे? खुर्ची आपसूक गेली बिल गथरिज यांच्याकडे. साठ वर्षांचे गथरिज तीस वर्षं स्मिथ यांचे असिस्टंट होते. स्मिथ यांनी मुद्दामच हा मुहूर्त निवडला, आपल्या जुन्या साथीदाराला त्याचा हक्क मिळावा म्हणून, असं तेव्हापासून बोललं जातं.

गथरिज यांनी तीन वर्षांत दोनदा टीमला शेवटच्या चारात नेलं आणि २००० साली शांतपणे निवृत्त झाले. ही गोष्ट वाचताना मला दर वेळी दादा आठवायचे.

मग मात्र गडबड झाली. सगळ्यांना हवे होते रॉय विल्यम्स. स्मिथ यांच्या हाताखाली दहा वर्षं शिकलेले आणि तेव्हा कॅन्ससचे कोच. ते 'नाही' म्हणाले. कॅन्ससच्या पोरांना सोडून येणार नाही, म्हणे. शेवटी नेमणूक झाली मॅट डोहर्टीची. १९८२ च्या विजेत्या टीममधला खेळाडू, वय ३८, आणि मुख्य कोच म्हणून अनुभव किती? एक वर्ष!

डोहर्टी येताना आपले असिस्टंट बरोबर घेऊन आला आणि जुन्यांना जावं लागलं. काम करायचं ते त्या स्टेडियममध्ये, ज्याच्या दारावर स्मिथ यांचं नाव आणि ज्याच्या तळमजल्यावर स्मिथ यांचं ऑफिस. पहिलं वर्ष झकास गेलं, २६ विजय आणि वर देशातला सर्वोत्तम कोच म्हणून सन्मान. दुसऱ्या वर्षी ८ विजय आणि २० पराभव. कॉलेजच्या इतिहासातला सगळ्यात वाईट सीझन. खेळाडूंशीही संबंध ताणले गेले. एप्रिल २००३ मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला. तेव्हा मात्र विल्यम्स आले आणि २००५ मध्ये त्यांनी विजेतेपद मिळवलं. गंमत म्हणजे त्या टीममधली बरीचशी मुख्य पोरं कुणी आणली होती? डोहर्टीने!

आपल्याकडेही २००५ मध्ये जॉन राइटच्या जागी ग्रेग चॅपेल आला होता, आठवतंय ना? हुशारीबद्दल कुणाला शंका नव्हती. पण आल्या आल्या घरातलं फर्निचर हलवायला घेतलं की घरातली माणसं बिथरतात.

मी ही गोष्ट वाचली तेव्हा डोहर्टीला नावं ठेवली होती. त्या रात्री गॅलरीत उभं राहून पहिल्यांदा त्याची दया आली. अडतिसाव्या वर्षी एवढ्या मोठ्या नोकरीसाठी फोन आला तर कोण 'नाही' म्हणेल? मला तर चौतिसाव्या वर्षीच आला होता.

वर्षभराचा हँडओव्हर

तिसरी गोष्ट ड्यूकची. कोच के यांनी २ जून २०२१ ला जाहीर केलं की येणारा सीझन शेवटचा. आणि त्याच वेळी सांगून टाकलं की पुढे जॉन शायर. शायर २०१० च्या विजेत्या टीममधला खेळाडू, २०१३ पासून स्टाफमध्ये, आणि तेव्हा वय फक्त ३३. मुख्य कोच म्हणून अनुभव शून्य.

पण त्याला एक अख्खं वर्ष मिळालं. कोच के मॅचेस बघत होते आणि शायर पुढच्या वर्षीची पोरं गोळा करत होता. पोरांनाही माहीत होतं की आपण येतोय ते शायरसाठी. देशातल्या सगळ्यात चांगल्या नवोदितांचा गट त्याने ड्यूकला आणला. म्हणजे पहिल्या दिवशी त्याच्या हातात टीम होती ती त्याची स्वतःची, उसनी नव्हे!

या पद्धतीचीही किंमत असते बरं का. ते अख्खं वर्ष निरोपसमारंभात गेलं. ५ मार्च २०२२ ला घरच्या मैदानावरची शेवटची मॅच होती. ९६ माजी खेळाडू खास आले होते आणि समोर नॉर्थ कॅरोलायना. ड्यूकची पोरं त्या ओझ्याखाली ९४-८१ अशी हरली. शेवटी कोच के यांनीच माइक हातात घेतला आणि चाहत्यांची माफी मागितली. विशीतल्या पोरांवर एवढ्या मोठ्या माणसाच्या निरोपाचा भार टाकला की असंही होतं.

शायरने मात्र पहिल्या वर्षी २७ मॅचेस जिंकल्या. २०२५ मध्ये टीमला शेवटच्या चारात नेलं, ३५ विजय आणि फक्त ४ पराभव. त्यातला शेवटचा पराभव मात्र जिव्हारी लागणारा. दुसऱ्या हाफमध्ये चौदा पॉइंट्सची आघाडी होती आणि ह्यूस्टनविरुद्ध ७०-६७ ने हरले!

मग काय, घरचाच माणूस बरा?

तसंही नाही हो! विलानोव्हा युनिव्हर्सिटीत जे राइट यांनी दोन विजेतेपदं मिळवली आणि एप्रिल २०२२ मध्ये अचानक निवृत्ती घेतली. जागा लगेच भरली. आला काइल नेपच्यून, आठ वर्षं राइट यांच्याकडे असिस्टंट, म्हणजे घरचाच. तीन वर्षांत एकदाही राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश नाही. मार्च २०२५ मध्ये नारळ!

त्याउलट पर्ड्यू युनिव्हर्सिटी. जीन कीडी तिथे पंचवीस वर्षं कोच होते. त्यांचा जुना खेळाडू मॅट पेंटर २००४ मध्ये परत आला, वर्षभर त्यांच्या शेजारी बसला आणि मग खुर्ची घेतली. पहिल्या सीझनला ९ विजय, १९ पराभव. लोकांनी काय काय बोलून घेतलं असेल, कल्पना करा. पण कॉलेजने त्याला हलवलं नाही. २०२४ मध्ये तोच पेंटर पर्ड्यूला राष्ट्रीय फायनलमध्ये घेऊन गेला.

आणि हे वाचून मी जुने आकडे परत काढून बघितले. ज्यांच्या जागी येणारे सगळे घाबरतात, ते दिग्गज स्वतः सुरुवातीला कसे होते? डीन स्मिथ, पहिला सीझन : ८ विजय, ९ पराभव. १९६५ मध्ये तर विद्यार्थ्यांनी कॅम्पसमध्ये त्यांचा पुतळा करून फासावर लटकवला होता! पहिलं विजेतेपद एकविसाव्या सीझनला. कोच के, पहिले तीन सीझन मिळून : ३८ विजय, ४७ पराभव. पहिलं विजेतेपद अकराव्या सीझनला. आणि साक्षात वूडन? सोळाव्या!

बार्टोला मिळाली होती दोन वर्षं.

रात्री दीड वाजता मी डायरी काढली. आत जे लिहिलं ते जसंच्या तसं देते :

● सर कधी जाणार हे टीमला अफवांमधून नाही, सरांकडून कळायला हवं. आणि लवकर.

● जुन्या माणसांना हलवायचं नाही. निदान पहिलं वर्षभर तरी.

● सर असेपर्यंतच स्वतःचं काहीतरी काम सुरू करायचं. स्वतः घेतलेली चार पोरं तरी हाताशी हवीत.

● पहिल्या वर्षाचे आकडे वाईट येऊ शकतात. हे मॅनेजमेंटकडून आधीच कबूल करून घ्यायचं, लेखी!

● सर गेले की सर गेले. बाकामागे बसायचं नाही.

पाचवा मुद्दा लिहिताना हात थांबला होता. कारण सरांचा प्लॅन मला माहीत होता. जानेवारीपासून सहा महिने अ‍ॅडव्हायझर म्हणून आठवड्यातून दोनदा यायचं आणि क्लायंट कॉललाही बसायचं. एचआरने तो आनंदाने मान्यही केलेला.

टपरीवर

शुक्रवारी संध्याकाळी मी दादांना गेटबाहेरच्या टपरीवर गाठलं. कटिंग हातात घेतला आणि सगळं सांगून टाकलं, एका दमात. दादा ऐकत राहिले. मग म्हणाले, "मला विचारलं होतं गं. तुझ्या आधी."

मी गप्प.

"नाही म्हटलं. पोरगी दहावीला आहे. रात्री अकराचे कॉल, महिन्याआड फ्लाइट... नको आता." चहाचा घोट घेतला. "पण खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. सतरा वर्षं थांबलो, आणि विचारलं तेव्हा मलाच नको झालं."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. अजूनही नाही.

"तू घे," ते म्हणाले. "मी आहे. फक्त एक कर. सरांसारखं बोलायला जाऊ नकोस मीटिंगमध्ये. मागच्या आठवड्यात केलंस तसं. शोभत नाही तुला!"

हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. चहावाल्याने विचारलं, अजून एक देऊ का?

सोमवारी एचआरकडे जायच्या आधी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांना वूडन आणि बार्टोची गोष्ट सांगितली. सर क्रिकेटवाले, बास्केटबॉलमध्ये शून्य रस, तरी मन लावून ऐकली. मग मी म्हटलं, "सर, डिसेंबरपर्यंत मला तुम्ही रोज हवे आहात. प्रत्येक कॉलला, पण बोलणार मी. चुकले तर नंतर झापा. जानेवारीपासून मात्र... अडले की मी फोन करीन. तुम्ही यायचं नाही."

एकोणीस वर्षांत या माणसाला या फ्लोअरवर कुणी 'यायचं नाही' असं सांगितलं नसेल. केबिनमध्ये नुसता एसीचा आवाज. सरांनी टेबलावरचं पेन उचललं, ठेवलं, परत उचललं.

"मी ही टीम घेतली तेव्हा माझ्या मागे कुणी बसलेलं नव्हतं," शेवटी ते म्हणाले. "बरं होतं ते." आणि लॅपटॉपकडे वळले.

त्या दिवशी संध्याकाळी ते नेहमीसारखे पार्किंगपर्यंत माझ्याबरोबर चालत आले नाहीत. डबा उचलला आणि एकटेच गेले. त्यांना लागलं असणार. मलाही लागलं. पण आपण मागे घ्यावं असं एकदाही वाटलं नाही.

मंगळवारी सकाळी साठ जणांना सरांचं मेल गेलं. चार ओळींचं. डिसेंबरात जातोय, आपण मिळून बरंच काही केलं वगैरे. शेवटच्या ओळीत दोन नावं होती. आधी माझं, आणि त्याच्यापुढे दादांचं.

दुपारी कँटीनच्या रांगेत तोच ज्युनियर पोरगा परत माझ्यामागे. "मॅम, म्हणजे सर खरंच जातायत!"

"हो. पण डिसेंबरपर्यंत आहेत," मी म्हटलं. "पटकन जेव. तीनचा कॉल आज तू घ्यायचायस."